जपानचा तरंगता मतदार आणि आपला भ्रम

आपल्या बैठकांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "यांचा एखादा मोठा घोटाळा बाहेर येऊ द्या, लोकच यांना घरी बसवतील." मित्रांनो, आम्हाला हे वाक्य घातक वाटते. का, ते जपानकडे पाहून समजून घेऊ.

१९५५ साली स्थापन झालेला लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष तिथे मोजकी वर्षे सोडली तर सतत सत्तेत आहे, आणि घोटाळ्यांची तिथे कधीच वाण नव्हती. रिक्रूट कंपनीने नेत्यांना शेअर्स वाटल्याचे उघड झाले, त्यात नवा उपभोग कर आला. १९८९ मध्ये पंतप्रधान ताकेशिता गेले, वरिष्ठ सभागृहातले बहुमतही गेले. सात महिन्यांनी त्याच पक्षाने कनिष्ठ सभागृहात ५१२ पैकी २७५ जागा जिंकल्या! १९९३ मध्ये सत्ता गेली, ती वर्षभराच्या आत समाजवाद्यांनाच सोबत घेऊन परत मिळवली.

हे कसे घडते? कोणत्याच पक्षाशी न बांधलेला तरंगता मतदार चिडला की बाहेर पडतो आणि सरकार उलथवतो. राग ओसरला की घरी बसतो. २००९ मध्ये ६९ टक्के मतदान झाले आणि सत्ताधारी पडले. २०१२ मध्ये मतदान ५९ टक्क्यांवर आले, विरोधी मते फुटली आणि ते ४८० पैकी २९४ जागा घेऊन परतले. गंमत पाहा : प्रमाणशीर पद्धतीत त्यांना हरताना १ कोटी ८८ लाख मते होती, जिंकताना १ कोटी ६६ लाख. २००० साली पंतप्रधान मोरी प्रचारात बोलून गेले होते की, हे मतदार झोपून राहिले तर बरे. सत्ताधाऱ्यांचे गणित त्यांनी उघड सांगितले, इतकेच.

२०२४ मध्ये गुप्त निधीच्या प्रकरणाने सत्ताधारी आघाडीचे बहुमत गेले. मुख्य विरोधी पक्षाच्या जागा ९८ वरून १४८ झाल्या, पण त्याची प्रमाणशीर मते जेमतेम १ कोटी १५ लाखांच्या आसपासच राहिली. मतदान ५४ टक्के. म्हणजे घोटाळ्याने सत्ताधाऱ्यांच्या जागा घटल्या, विरोधकांचा पाया मात्र रुंदावला नाही.

कोणी म्हणेल, तरंगता मतदार स्वतंत्र बुद्धीचा असतो. असेलही. पण ज्याचे पोट भरलेले आहे त्याला पुढच्या निवडणुकीपर्यंत झोपणे परवडते. ज्याला रोज अपमान गिळावा लागतो त्याला परवडत नाही.

हे त्याच जपानमधल्या बुराकू समाजाने ओळखले होते. जन्मावरून अस्पृश्य ठरवलेल्या या लोकांनी कोणाच्या घोटाळ्याची वाट पाहिली नाही. १९२२ मध्ये त्यांनी सुईहेइशा ही आपली संघटना उभारली. तिचे नेते माात्सुमोतो जिइचिरो १९३६ मध्ये संसदेत गेले, १९४७ मध्ये वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले आणि सम्राटासमोर खेकड्यासारखे आडवे चालण्याची प्रथा त्यांनी धुडकावली. ती ताठ मान संघटनेने दिली होती.

बाबासाहेबांनी आपल्याला शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. 'वाट पाहा' असे सांगितले नाही. घोटाळा उघड करा, जरूर करा. पण तो उघड होईल त्या दिवशी वस्तीवस्तीत आपले बूथ कार्यकर्ते उभे आहेत का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.

जय भीम!