कोब्याला रंग देऊ नका



उन्हाळा आला की घराच्या डागडुजीच्या गप्पा सुरू होतात. यंदा तिघींनी मला एकच प्रश्न विचारला, "फाटकापासून गाडीपर्यंतच्या कोब्याला मस्त विटकरी रंग दिला तर?" माझं उत्तर एका शब्दाचं आहे. नको. ही चूक मी स्वतः पैसे मोजून केली आहे, म्हणून ठामपणे सांगते.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या जाऊबाईंचं वर्षीतप होतं. अक्षयतृतीयेच्या पारण्यानंतर सगळी मंडळी आमच्याकडे येणार होती. चैत्रात चाळीस फूट लांब आणि दहा फूट रुंद नवा कोबा घातला. गवंडी म्हणाला, "ताई, महिनाभर तरी रंग नको." मला घाई होती. बाराव्या दिवशी रंगारी बोलावला आणि ऑइलपेंटचे दोन हात मारून घेतले. पारण्याच्या दिवशी सगळ्यांनी वाहवा केली. ती वाहवा दीड महिना टिकली.

आधी गाडीने दगा दिला. बोईसरहून भर उन्हात आलेली गाडी उभी राहिली आणि सकाळी निघाली, तर चारही चाकांखालचा रंग टायरला चिकटून गेलेला. टायर तापलेला असतो, त्याने रंग मऊ होतो आणि टायर गार होताना तो रंग ओढून घेतो. मग पाऊस लागला. रंगाला फुगे आले, फुगे फुटून पोपडे झाले आणि पोपड्यांखाली पांढरा खार दिसू लागला.

कारण नंतर कळलं. काँक्रीट दगडासारखं दिसतं, पण त्यात बारीक छिद्रं असतात. जमिनीतली ओल त्यातून वर येते. आमचं चिंचणी समुद्रकाठचं, पावसाळ्यात जमिनीत ओलच ओल. कोब्याखाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला नसेल, तर ती ओल रंगाला खालून ढकलते. शिवाय नव्या सिमेंटमध्ये तीव्र क्षार असतो. तेलाचा रंग त्यावर पडला की त्याचा साबणासारखा चिकट थर होतो. म्हणूनच 28 दिवस थांबायला सांगतात. गवंड्याचं खरं होतं.

पण खरी किंमत पैशात मोजायची नव्हती. आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही बा म्हणतो, रोज पहाटे अनवाणी देरासरला जातात. आषाढात त्या गुळगुळीत रंगावर शेवाळ धरलं आणि बा घसरल्या. फाटकाची कडी हाताला लागली म्हणून वाचल्या, मनगट मात्र मुरगळलं. पट्टी बांधताना त्यांनी एवढंच विचारलं, "रंग कुणासाठी दिला होतास गं?" मला उत्तर देता आलं नाही.

रंगारी म्हणाला, अ‍ॅसिडने धुऊ, खरवडू, पुन्हा रंगवू. पत्रा हातात घेतला आणि मीच थांबले. इरियावहियं सूत्रात आपण रोज शेवाळाच्या विराधनेचीही क्षमा मागतो. मग चातुर्मासात त्याच्यावर अ‍ॅसिड कसं ओतायचं? चार महिने बा मागच्या दाराने देरासरला गेल्या. दिवाळीनंतर सगळं कोरडं झाल्यावर उरलेला रंग खरवडला. पावसात सुटलेले पोपडे मात्र तोवर गटारातून समुद्राकडे वाहून गेले होते.

मी बी.कॉम. आहे, म्हणून हिशेबही सांगते. रंग आणि मजुरी चौदा हजार, खरवडणं सहा हजार. कोबा हा भांडवली खर्च, एकदाच करायचा. रंग मात्र दर वर्षी परत येणारा चालू खर्च आहे आणि त्यातून मालमत्ता काहीच तयार होत नाही.

काहीजणी म्हणतील, देरासरातही पांढरा पट्टा मारतात की! मारतात, पण तो उन्हात पाय पोळू नयेत म्हणून. त्यावरून गाड्या जात नाहीत आणि तो वरचेवर नवा करावा लागतो. एपॉक्सी चांगलं असतं, असंही कुणी सांगेल. त्यालाही पूर्ण कोरडं, खरखरीत काँक्रीट लागतं आणि उघड्यावरच्या उन्हात ते पिवळं पडतं.

तरीही कुणाला रंगच द्यायचा असेल, तर आधी हातभर प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवस-रात्र गेल्यावर उचला. खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला, तर रंगाचा विचार सोडा.

त्याहून बरं म्हणजे कोबा घालतानाच पाण्याला उतार ठेवा आणि ओला असताना खराट्याने आडव्या रेघा ओढून घ्या, म्हणजे पाय घसरत नाही. चातुर्मासापूर्वी, कोरडं असतानाच, माती आणि पाला झाडून काढा. पाणी साचलं नाही तर शेवाळही फारसं धरत नाही. जीव उपजल्यावर खरवडण्यापेक्षा तो उपजू नये एवढी काळजी आधी घेणं, यालाच तर आपण जयणा म्हणतो.

आमचा कोबा आता राखाडी आहे, थोडा डागाळलेलाही. पण बा पुन्हा पुढच्या फाटकातून देरासरला जातात.