दात का शिवशिवतात? उत्तर माशांच्या कातडीत असू शकतं

आईस्क्रीमचा घास घेतला की अनेकांच्या दातातून कळ जाते. दातावरच्या कडक इनॅमलखाली डेंटिनचा थर असतो. त्यातल्या अतिसूक्ष्म नळ्यांमुळे थंड-गरमाची जाणीव आतल्या नसांपर्यंत पोहोचते. पण चावायचं काम करणारा दात इतका हळवा का?

शिकागो विद्यापीठाच्या यारा हरिदी, नील शुबिन आणि सहकाऱ्यांनी मे २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत याचं एक उत्तर मांडलं.

कातडीवर दात?

मुशीच्या कातडीवर शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर ती पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते. मुशी म्हणजे शार्कच. तिच्या अंगावरच्या बारीक काट्यांची घडण दातासारखीच असते. बाहेर कडक थर, त्याखाली डेंटिन आणि आत मऊ गर. माशांना जबडे फुटण्याआधीही त्यांच्या चिलखतावर अशा रचना होत्या.

संशोधनात काय आढळलं?

'ॲनाटोलेपिस' या कॅम्ब्रियन काळातल्या जीवाश्मात डेंटिन असल्याचा दावा १९९६ मध्ये झाला होता. त्यामुळे तो सर्वांत जुन्या माशांपैकी एक मानला जात होता. शक्तिशाली क्ष-किरणांनी तपासल्यावर तो मासा नसून खेकडे, विंचू यांच्या गटातला प्राणी असल्याचं दिसलं. डेंटिन वाटलेल्या खुणा त्याच्या कवचावरच्या संवेदी अवयवांच्या होत्या.

मात्र सुमारे ४६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या 'एरिप्टिकियस' या माशाच्या चिलखतात खरं डेंटिन सापडलं. त्याची रचना त्या संवेदी अवयवांशी मिळतीजुळती होती. आजच्या काही शार्क आणि कॅटफिशच्या कातडीवरच्या 'दातां'मध्येही नसा आढळल्या. म्हणजे डेंटिनचं आधीचं काम चावणं नव्हे, तर आजूबाजूचं पाणी जाणून घेणं असावं.

मग प्रश्न सुटला का?

पूर्णपणे नाही. जीवाश्मात नसा टिकत नाहीत, त्यामुळे प्राचीन माशांना काय जाणवत होतं हा अंदाजच आहे. कातडीवरच्या याच रचना पुढे तोंडात जाऊन दात झाल्या, की दात तोंडात स्वतंत्रपणे तयार झाले, यावरही जुना वाद आहे. हे संशोधन पहिल्या बाजूला बळ देतं.

ते बरोबर असेल, तर दाताचा हळवेपणा हा त्याच्या घडणीतला दोष नाही. दात चावायला शिकण्याआधीपासून ते काम करत होते.