‘फ्रॅक्चर नाही’ म्हणजे सगळे ठीक नव्हे

ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांत माळ्यावरून, शिडीवरून, पत्र्याच्या छपरावरून माणूस पडतो तेव्हा सावरण्यासाठी आपसूक हात टेकतो आणि अंगाचा सारा भार मनगटावर येतो. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे निघतो. ‘फ्रॅक्चर नाही, मुरगळलंय’ असे ऐकून, क्रेप बँडेज बांधून तो पुन्हा मशीनवर उभा राहतो. बहुतेकदा हे निदान बरोबरच असते. पण मनगटातले हाड न मोडताही जागचे सुटू शकते, आणि तेव्हा हीच घाई हात कायमचा अधू करते.

मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत बसलेली असतात. त्यांच्या मधोमध असते चंद्रास्थी. जोराच्या आघाताने बंध तुटले की कधी भोवतालची हाडे मागे सरकतात, तर कधी चंद्रास्थीच तळहाताच्या बाजूला निखळते. समोरून घेतलेल्या एक्स-रेमध्ये हाडे एकमेकांवर दिसतात, त्यामुळे हा बिघाड सहज नजरेतून सुटतो. बाजूने नीट घेतलेल्या एक्स-रेत मात्र निखळलेली चंद्रास्थी कलंडलेल्या कपासारखी स्पष्ट दिसते. अस्थिशल्यविशारद हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये अशा 166 दुखापतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या सुमारे चौथाई दुखापतींचे निदान सुरुवातीला हुकले होते.

सूज मोठी, बोटे वळत नाहीत आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होते आहे, तर ही लचक मानू नये. निखळलेले हाड तिथली मुख्य नस दाबत असू शकते. हाड तातडीने जागेवर बसवावे लागते, पुढे बहुधा शस्त्रक्रियाही लागते. उशीर झाला तर सांधा जखडतो, पकड जाते. अशा मनगटाला मालीश करून घेणे तर दुखापत वाढवणेच.

राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय वागळे इस्टेटमध्येच आहे. कामावरच्या दुखापतीने काही काळ काम बंद पडले तर विमा असलेल्या कामगाराला वेतनाच्या सुमारे 90 टक्के भरपाईची तरतूद या योजनेत आहे. पण कागदावर ‘मुरगळले’ एवढेच आले, तर त्याला दोन-चार दिवसांची रजा मिळते आणि निखळलेल्या हाडाची कुठे नोंदच होत नाही.

म्हणून तीन गोष्टी नियम म्हणून व्हायला हव्यात. पडून दुखावलेल्या मनगटाचा समोरून आणि बाजूने, असे किमान दोन एक्स-रे निघावेत. बधिरपणा असेल तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. आणि किरकोळ वाटणाऱ्या पडण्याचीही नोंद कारखान्याच्या अपघातवहीत व्हावी. बाजूच्या एक्स-रेला लागतात काही मिनिटे. ज्याची रोजी हातावर चालते, त्याला तेवढी मिनिटे नाकारण्याचा अधिकार कोणालाच नाही.