दगडावरची संख्या

दिघीचे आम्ही कुणी सैनिक पणजोबांचा शोध महाजालावर घेऊ लागलो, की पहिला अडसर भूगोलाचा. आम्ही ‘रायगड’ शोधतो. पहिल्या महायुद्धाच्या काळी जिल्हा होता कुलाबा, आणि दिघी तर सिद्दींच्या जंजिरा संस्थानात! तरीही हा शोध घ्यावाच, असे आमचे मत आहे. १९१५-१६ च्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. परंतु १९२९ च्या बसरा स्मारकावर हिंदी पलटणींतील अधिकाऱ्यांचीच नावे कोरली गेली, साध्या शिपायांची केवळ संख्या. त्यांतली कितीतरी नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत, पुष्कळदा पित्याच्या व गावाच्या नावासह, आज घरबसल्या वाचता येतात. मात्र रोमन लिपीतला तो ‘बाबू’ मुळात बाबू की बापू, हे वारसांनीच आयोगाला कळवायला हवे. तिथल्या दप्तरास ते कसे ठाऊक असणार?