शस्त्रक्रिया मोजल्या, आता परिणामही मोजा

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या वेळच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ स्त्रियांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे साधारणतः दर सहाजणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण सुमारे तीन टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट एकच नाहीत हे मान्य केले तरी ही तफावत डोळ्यांआड करता येणार नाही. या शस्त्रक्रिया का झाल्या, कोणाच्या लोभामुळे झाल्या, याची चर्चा पुष्कळ झाली. या स्त्रियांच्या शरीरांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात मागे पडला.

कारणे आता सर्वांना ठाऊक आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत सुटका नाही. एक दिवस काम बुडाले तर खाडा पडतो आणि दंड भरावा लागतो. फडावर ना संडास, ना पुरेसे पाणी. अशा स्थितीत अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारी घेऊन बाई दवाखान्यात जाते. तेथे सोनोग्राफी होते, पडद्यावरची सूज दाखवली जाते, कर्करोगाची भीती घातली जाते आणि ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळतो. बाईही म्हणते, मुले झाली, आता पिशवीचा उपयोग काय?

या प्रश्नातच खरी गफलत आहे. शरीर म्हणजे सुट्या भागांची जुळणी नव्हे. शस्त्रक्रियेत गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले, तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकाएकी घटते. हे संप्रेरक हाडांची झीज रोखते आणि रक्तवाहिन्यांवरही त्याचा प्रभाव असतो. पन्नाशीच्या आसपास यावयाची अवस्था तिशी-पस्तिशीत आली, की हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रजोनिवृत्तीपूर्वी बीजकोश काढलेल्या स्त्रियांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले. बीजकोश जागेवर ठेवले तरी गर्भाशय काढल्यानंतर त्यांचे कार्य काही वर्षे आधी मंदावू शकते.

एका अवयवाचा दुसऱ्याशी असलेला हा संबंध पूर्वी रोग्याच्या मृत्यूनंतरच्या विच्छेदनातून किंवा तर्काने जाणावा लागे. आता तो जिवंत माणसात प्रतिमांच्या साहाय्याने पाहता येतो. ब्रिटनमधील ‘यूके बायोबँक’ या प्रकल्पाने एक लाख स्वयंसेवकांचे मेंदू, हृदय, पोटातील अवयव आणि हाडे यांच्या प्रतिमा घेण्याचे काम २०२५ साली पूर्ण केले. त्याच संग्रहातील चाळीस हजारांहून अधिक लोकांच्या प्रतिमांवर आधारलेल्या आणि २०२३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात हृदयाच्या रचनेतील दोष आणि मेंदूतील श्वेतद्रव्याची निकृष्ट घडण यांचा संबंध दिसून आला.

हा श्रीमंत देशांचा खेळ आहे, असे कोणी म्हणेल. परंतु त्यासाठी प्रत्येक वेळी कोट्यवधींची यंत्रे लागतात असे नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ पासून चाललेल्या प्रसिद्ध अभ्यासात सुमारे पंचवीस वर्षांच्या अंतराने हातांचे आणि कमरेच्या मणक्यांचे साधे एक्स-रे काढले गेले. ज्या स्त्रियांच्या हाडांची झीज अधिक, त्यांच्या पोटातील महारोहिणीत चुना साचण्याचे प्रमाणही अधिक, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दिसले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण तर घरचेच आहे. ते आणि ब्रिटिश सहकारी युडकिन या दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, पण क्ष-किरणांच्या ‘डेक्सा’ तपासणीत शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. भारतीयांच्या सडपातळ देहात मधुमेहाचे मूळ कसे दडलेले असते, हे २००४ साली ‘लॅन्सेट’मधील त्या एका छायाचित्राने जगाला समजावले. मग असा अभ्यास बीडमध्ये का होऊ नये?

सत्तरच्या दशकात सुरू झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईत आहे. ग्रामीण भागातील रोग्यांसाठीच ते काढले गेले. या कामासाठी त्याहून योग्य संस्था कोणती? बीजकोश शाबूत आहेत की नाहीत, हे अनेक स्त्रियांना कोणी सांगितलेले नसते आणि कागद हाती नसतात. सोनोग्राफीने ते बहुधा कळते. मणक्याच्या एक्स-रेत दबलेला मणका आणि महारोहिणीतील चुना दोन्ही दिसतात. हाडांच्या घनतेसाठी डेक्सा तपासणी करता येईल. तिच्यातील किरणांची मात्रा अत्यल्प असते.

तथापि, एक दक्षता आवश्यक आहे. ऊसतोडणीचे काम, मोळ्यांचे ओझे, रक्तक्षय, लहान वयातील लग्न आणि बाळंतपणे यांनीही हाडे झिजतात. तेव्हा सारा दोष शस्त्रक्रियेच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. त्याच वयाच्या, तेच काम करणाऱ्या आणि शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रियांशी तुलना करावी लागेल. त्या शोधायला दूर जावयास नको. २०१९ च्या पाहणीतच अशा ६८,४४८ स्त्रिया आहेत.

याहून अवघड अडचण विश्वासाची आहे. बीडमध्ये सोनोग्राफी यंत्राचा इतिहास कलंकित आहे. गर्भलिंगनिदानास बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९९४ साली झाला. तरीही जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेतील ८९४ वरून २०११ साली ८०७ पर्यंत घसरली. ज्या यंत्राने आधी लेकी हिरावल्या आणि मग पिशवी काढण्याचा धाक घातला, त्याच्यापुढे या बायांनी पुन्हा का झोपावे? म्हणूनच हे काम कारखाने बंद असतानाच्या पावसाळी महिन्यांत, गावातील आशा कार्यकर्तीला बरोबर घेऊन, प्रत्येकीच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीने झाले पाहिजे. तपासणीत दोष निघाला तर औषधोपचार विनामूल्य आणि दीर्घकाळ मिळाला पाहिजे. उपचाराची हमी नसलेले संशोधन म्हणजे या स्त्रियांचा आणखी एकदा वापर होय.

शस्त्रक्रियांवर निर्बंध आले हे योग्यच झाले. पण निर्बंध पुढच्या स्त्रियांसाठी असतात. ज्यांची पिशवी आधीच गेली, त्यांच्यापैकी पुष्कळजणी दिवाळीनंतर पुन्हा फडावर जातात आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढतात. त्यांची हाडे ते ओझे किती वर्षे पेलतील, हे सांगण्याची साधने आज उपलब्ध आहेत. साखरेवर अर्थकारण आणि राजकारण उभारणाऱ्या महाराष्ट्राने ती वापरली नाहीत, तर साधनांची उणीव ही सबब त्याला सांगता येणार नाही.