फाईल कुणाच्या पेटीत आहे?



मागच्या तालुका बैठकीत एकच वाक्य चार-पाच जणांच्या तोंडून ऐकलं. "आमच्या गावाला नेता नाही जी, म्हणून दावा पडून आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. मी पण हलवली. मग सायकलने घरी येता येता एकेक गाव मनात मोजत आलो. ज्या गावांचे सामूहिक दावे अडकले आहेत, त्यातल्या एकाही गावात मला नेत्याची कमी दिसली नाही. एकेका गावात तर दोन-दोन आहेत. दावा अडकला आहे तो त्यांच्यामुळेच. हे कडू लागेल. ज्याला लागेल त्याने पुढच्या अंकाला उत्तर लिहून पाठवावं, आपण ते छापू.

आपल्या भागातला नेता कसा असतो ते तुम्ही रोज पाहता. सोमवारी तहसीलमध्ये, मंगळवारी कुणाच्या घरकुलासाठी पंचायत समितीत, बुधवारी जातीच्या दाखल्याची झेरॉक्स, गुरुवारी कुणा साहेबाचा सत्कार. 12 मार्चला बाबुराव शेडमाकेंच्या फोटोला हार घालायला तोच पुढे, कचारगडच्या यात्रेत बॅनरवर फोटो त्याचाच. वनहक्काची फाईल त्याच्या गाडीच्या डिक्कीत. माणूस वाईट नाही. रात्री दहाला घरी येतो, बायकोच्या शिव्या खातो, खिशातलं पेट्रोल जाळतो. पण वर्षाच्या शेवटी विचारा, कोणतं एक काम तडीस नेलं? एक ना धड भाराभर चिंध्या. आणि कोणी विचारलंच, तर त्याचं उत्तर तयार असतं, "मी पाहतो."

या दोन शब्दांविरुद्ध मी हे लिहून राहिलो आहे. शेडमाकेंना 1858 साली चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, आमच्याच वयाचे. त्यांनी पोरं जमवून जंगोम दल उभं केलं होतं. घरी बसा, मी पाहतो, असं ते म्हणाले असते तर दल झालंच नसतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण पुष्कळांना वाटते की कायद्यानेच अध्यक्षाला राजा केलं आहे. वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 चे, त्यात दुरुस्ती 2012 ची. वनहक्क समितीत 10 ते 15 माणसं असतात, त्यात दोन-तृतीयांश आदिवासी आणि एक-तृतीयांश बाया. समितीला अध्यक्ष-सचिव आहेत, पण समितीने फक्त दावे घ्यायचे, तपासायचे, नकाशा करायचा आणि ग्रामसभेसमोर ठेवायचं. ठराव ग्रामसभेचा. त्या सभेला गावातले निम्मे लोक पाहिजेत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. नेता हा शब्द मला तरी कुठे दिसला नाही. दोनदा वाचून पाहिलं.

आणखी एक गोष्ट नवीन पोरांनी लक्षात ठेवावी. गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. शेजारच्या कोरचीत, धानोऱ्यात पेसा आहे, आपल्या देवरी-सालेकशात नाही. आदिवासी तेच, जंगल तेच, मधे फक्त जिल्ह्याची रेघ. म्हणजे जंगलावर ग्रामसभेचा हात ठेवायला आपल्यापाशी मुख्य हत्यार हा एकच कायदा आहे. ते एका माणसाच्या पेटीत कुलूप लावून ठेवायचं का?

दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगतो.

मी आमच्या गावच्या वनहक्क समितीचा सचिव. बारावी झालो म्हणून केलं. नमुना 'क' मीच भरला, निस्तारपत्रकाची नक्कल मीच काढून आणली, उपविभागीय कार्यालयात दावा मीच दिला आणि पोच घेतली. गावात आल्यावर लोक विचारत, "का झालं बाबू?" मी म्हणे, "मी पाहतो." छान वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फाईल बगलेत धरून मोठ्या रस्त्याने चालताना फारच छान वाटत होतं. फाईल पत्र्याच्या पेटीत, पेटीची चावी माझ्या करदोड्याला.

जानेवारीत घरी पैसा नव्हता. मी खम्ममकडे मिरची तोडायला गेलो. चावी करदोड्यालाच. मागे वरच्या समितीचं पत्र आलं. दाव्यातला निम्मा भाग नामंजूर, कारण सीमेच्या खुणा स्पष्ट नाहीत. याविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला 60 दिवस असतात. आईला वाचता येत नाही. तिने पत्र जपून धानाच्या ढोलीवर ठेवलं, पोराचं आहे, पोरगा आला की देऊ. चार घरं सोडून बारावी झालेली पोरगी राहते, तिला वाचता येते. पण तिला कोण सांगणार? दाव्याचं काही आलं तर कोणी उघडायचं, हे मी गावात कुणालाच सांगून गेलो नव्हतो. मार्चमध्ये परत आलो तेव्हा 11 दिवस उरले होते.

मोहाचा मोसम होता. बाया पहाटे तीनला टोपल्या घेऊन निघतात, दुपारी फुलं वाळवतात, म्हणून सभा रात्री आठला घेतली. मी उभा राहून सांगितलं की असं-असं झालं, चूक माझी. मला वाटलं शिव्या पडतील. कोणी काही बोललं नाही. मग एक म्हातारी म्हणाली, "बाबू, कागद तुह्यापाशी, चावी तुह्यापाशी, तं मंग आमी काहाले यावं सभेले?"

लोक सभेला येत नाहीत म्हणून वर्षभर मी तक्रार करत होतो. त्याचं उत्तर ते होतं.

दुसऱ्या दिवशीपासून दोन म्हातारे आणि सहा-सात पोरं सीमेवर चालायला निघाली. तीन दिवस चालली. म्हाताऱ्यांनी एकेक खूण दाखवली: जुनी बोडी, पेनठाणा, नाल्याचं वळण, साजाचं झाड, जिथे आपल्या गावाचे गुराखी थांबत आणि पलीकडच्या गावाचे परत फिरत तो खडक. टोरी कुठून आणतो, सात्या कुठे निघतात, हे बायांनी सांगितलं. ती बारावीवाली पोरगी लिहीत होती. म्हाताऱ्यांचं सांगणं लिहून घेतलं तर तोही पुरावा धरला जातो. नियमातच आहे, ज्याचा दावा त्याचा सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्याचा जबाब. मी मागच्या दाव्यात पाच खुणा लिहिल्या होत्या, तेवढ्याच मला ठाऊक होत्या. यावेळी 43 झाल्या. नवव्या दिवशी 22 माणसं मिळून अपील देऊन आलो, आणि पोचेच्या तीन झेरॉक्स काढल्या. निकाल अजून यायचा आहे. तो काय येईल ते माहीत नाही, पण त्यासाठी आता कोणी माझ्या दारात येऊन उभं राहत नाही. ज्याला पाहिजे तो पोच वाचतो.

यावर आपले जुने कार्यकर्ते म्हणतील, हे सगळं बरं आहे, पण लोक अडाणी आहेत, साहेबापुढे कोणीतरी बोलणारा पाहिजेच. बोलणारा पाहिजे, मान्य. शिकलेली पोरं पुढे पाहिजेत, हेही मान्य, मी पण शिकलेलाच. पण शिकलेल्याचं काम काय? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे पहा. देवाजी तोफांचं नाव आपण सगळे घेतो. त्या गावात निर्णय सर्वसहमतीने होतो, बहुमताने नाही. एक माणूस अडला तर थांबतात, पुन्हा बसतात. वेगळा अभ्यास गट आहे, तिथे कायदा वाचतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावून विचारतात, पण ठरवायचं ग्रामसभेत. मोहन हिराबाई हिरालाल तिथे वर्षानुवर्षे राबले, पण ठरवलं गावानेच. 2009 साली त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूचा वाहतूक परवाना मिळेना. त्यांनी दुसऱ्या दहा कामांत अंग घातलं नाही. तोच एक बांबू धरून बसले. शेवटी 27 एप्रिल 2011 ला दिल्लीचे मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना गावात यावं लागलं, आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

'मावा नाटे माटे सरकार' हे आपण मोर्च्यात ओरडतो. आमच्या गावात आम्हीच सरकार. आम्ही म्हणतो बरं का, मी नाही.

आता तेंदूचं. 2013 च्या हंगामापासून आपल्या आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या काही ग्रामसभांनी पान स्वतः विकायला सुरुवात केली. आधी काय होतं? लिलाव वरचे करत, आपण पुडे बांधत. सत्तर पानांचा पुडा, पोराबाळांसकट सगळं घर बोटं काळी करून बांधणार, आणि भाव कोणी ठरवला ते आपल्याला ठाऊक नाही. आता भाव ग्रामसभा ठरवते. म्हणून ठेकेदारही आता गावात येतो. पण तो सभेत येत नाही, अध्यक्षाच्या अंगणात खाटेवर बसतो. त्याला ठाऊक आहे की एका माणसाला एक मोबाईल आणि चार महिन्यांचं पेट्रोल देणं परवडते, साऱ्या ग्रामसभेला विकत घेणं परवडत नाही. ज्या गावात करारनामा, बँकेचं पासबुक आणि पुड्यांची वही एकाच घरात आहे, त्या गावाचा भाव ठेकेदाराने आधीच हिशोबात धरलेला असतो. मग तो अध्यक्ष किती का प्रामाणिक असेना.

आपल्यात बोडीतली मासोळी काढतात तेव्हा वाटे घरागणिक पडतात. ज्या घरचं कोणी पाण्यात उतरलं नाही त्या घरचाही वाटा पडतो, रांडव बाईच्या घरी पोर वाटा नेऊन देते. कोणी म्हणत नाही की जाळं माझं म्हणून मासोळी माझी. मग कागदाच्याच बाबतीत आपण असे कंजूष कुठून झालो? मला वाटते हे आपण हपिसात शिकलो. तिथे टेबलामागचा माणूस कागद देत नाही, म्हणून मोठा दिसतो. आपणही तसंच दिसायला लागलो.

मी कुणाला पद सोडायला सांगत नाही. पद असू द्या. पण तेंदूआधी, म्हणजे झुडपं छाटायच्याही आधी, प्रत्येक गावाने एक रात्रीची सभा फक्त एवढ्यासाठी घ्यावी. त्या सभेत घरकूल नको, रस्ता नको, सत्कार तर नकोच. दाव्याची फाईल सगळ्यांसमोर उघडायची, पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायची. तीन नकला करायच्या, त्यातली एक बचत गटाच्या बाईकडे. पत्र आलं तर कोणी उघडायचं, सचिव बाहेरगावी असला तर दुसरा कोण, दुसरा नसला तर तिसरा कोण, ही नावं ठरवायची. ज्या अध्यक्षाला हे जड जाईल त्याच्यावर रागावू नका, मलाही जड गेलं होतं. पण फाईल घेतल्याशिवाय उठू नका.

आमच्या गावची नावं समाजमंदिराच्या भिंतीवर खडूने लिहिली आहेत. माझं तिसरं आहे. पेटीत आता आई हळद ठेवते.