रंकाळ्याची शोभा आणि देखभालीचा हिशेब

रंकाळ्याच्या सुशोभीकरणाची एखादी नवी योजना निघाली की कोल्हापुरात वादाला तोंड फुटते, हे आता ठरल्यासारखेच झाले आहे. पदपथाला कोणती फरशी बसवावी, दिवे किती व कोणत्या रंगाचे असावेत, कारंजे हवे की नको, काठावरची झाडी छाटावी की राखावी, अशा प्रश्नांवर सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक, पक्षिनिरीक्षक, भेळेच्या गाड्या लावणारे आणि तालमींचे कार्यकर्ते सारख्याच हिरिरीने बोलतात. परगावच्या माणसाला याचे नवल वाटावे. परंतु ज्या जागेविषयी लोक भांडतात ती जागा लोकांनी आपली मानलेली असते, एवढा अर्थ तरी या वादातून निश्चित निघतो. प्रश्न आहे तो या आपलेपणाचे पुढे काय होते हा.

वादाचे स्वरूप थोडे बारकाईने पाहिले तर त्यात मुख्यतः दोन पक्ष दिसतात. पहिला पक्ष जुन्या रंकाळ्याचा. मुळात ही दगडाची खाण होती, असे परंपरा सांगते. काळ्या दगडाची तटबंदी, राजघाट, पाणी चढले की बुडणारा आणि उतरले की पुन्हा डोके वर काढणारा संध्यामठ, समोर १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेलेला शालिनी पॅलेस, या सर्वांचा मिळून जो एक गंभीर, शांत चेहरा आहे, त्यावर रंगीत दिव्यांची आणि चकचकीत फरशांची पुटे चढवू नयेत, असे या पक्षाचे म्हणणे. दुसरा पक्ष सोयींचा. संध्याकाळी सहकुटुंब येणाऱ्या माणसाला बसायला बाक हवा, मुलांना खेळणी हवीत, स्त्रियांना स्वच्छतागृह हवे आणि अंधार पडल्यावर निर्धास्तपणे चालता येईल एवढा उजेड हवा. यापैकी एकही मागणी गैर नाही. जुन्या दगडावर प्रेम करणाऱ्याने या मागण्यांना बाजारूपणा म्हणून हिणवणे जितके अन्यायाचे, तितकेच सोयी मागणाऱ्याने पहिल्या पक्षाला स्मरणरंजनात रमलेले म्हणून मोडीत काढणे उथळपणाचे आहे.

वाढलेले रान आणि वाढलेले केंदाळ

या दोन्ही पक्षांची एक तक्रार मात्र समान असते, ती म्हणजे काठाची आणि पाण्याची अवस्था. गवत वाढले, झुडपे माजली, पाण्यावर केंदाळ पसरले. येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आणि ती महागात पडते. काठावरचे पाणकणीस, लव्हाळी आणि दाट झुडपे ही माळ्याच्या नजरेला अव्यवस्था वाटली तरी पाणकोंबड्यांना ती घरटी बांधण्याची जागा असते. शिवाय पाण्यात मिसळलेली नत्र व स्फुरदयुक्त द्रव्ये या वनस्पती काही प्रमाणात शोषून घेतात. सगळा काठ सिमेंटने बांधून, वर आखीव हिरवळ लावून तलाव 'स्वच्छ' होत नाही. फार तर तो छायाचित्रात स्वच्छ दिसतो.

केंदाळाची, म्हणजे जलपर्णीची, गोष्ट निराळी. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती भारतात आली आणि बंगालमध्ये तिने असा उच्छाद मांडला की १९३६ साली तेथे तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. अनुकूल पाण्यात तिचे क्षेत्र सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. चक्रवाढ व्याजाचे गणित शिकलेल्या कोणालाही याचा अर्थ कळेल. तलावाचा दहावा हिस्सा व्यापलेले केंदाळ 'अजून थोडेच आहे' म्हणून सोडून दिले, तर दोन आठवड्यांनी ते पाचवा हिस्सा व्यापते, चार आठवड्यांनी दोनपंचमांश आणि सहा आठवड्यांनी चारपंचमांश. निविदा, मंजुरी आणि कार्यादेश यांना जेवढा अवधी लागतो तेवढ्यात कामाचा आकार आठपट झालेला असतो. पहिल्या आठवड्यात चार माणसे आणि एक नाव यांनी भागणाऱ्या कामाला मग यंत्रे आणावी लागतात. काढलेले केंदाळ काठावरच कुजू दिले तर त्यातील द्रव्ये पुन्हा पाण्यात उतरतात आणि पुढच्या पिकाला खत मिळते, ही गोष्ट वेगळीच.

आणि हे खत मूळचे येते कोठून? अर्थातच सांडपाण्यातून. रंकाळ्याच्या वरच्या अंगाला वसाहती वाढल्या आणि त्यांचे नाले तलावाकडे वळले. पाणी हिरवेगार होणे, दुर्गंधी सुटणे, मासे मरणे हे प्रकार शहराने पाहिले आहेत. केंद्र सरकारने २००१ साली राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना सुरू केली. तिच्यात पवई आणि ठाण्याच्या तलावांबरोबर रंकाळ्याचाही समावेश झाला. या योजनेत खर्चाचा सत्तर टक्के वाटा केंद्राचा आणि तीस टक्के राज्याचा, असे सूत्र होते. हेतू उत्तम होता. तथापि सांडपाणी वळविण्याची व्यवस्था एकदा उभारली म्हणजे काम संपले असे नाही. पंप रोज चालावे लागतात, विजेचे बिल दरमहा भरावे लागते, तुंबलेली वाहिनी पावसाच्या ऐन धारेत मोकळी करावी लागते. यापैकी कशाचेही उद्घाटन होत नाही.

भांडवली उत्साह, महसुली उदासीनता

प्रश्नाचे मर्म येथेच आहे. अंदाजपत्रकात खर्चाचे दोन विभाग असतात, भांडवली आणि महसुली. नवे उभारणे हे भांडवली खर्चात जाते, उभारलेले राखणे हे महसुली खर्चात. भांडवली खर्चासाठी राज्याचे व केंद्राचे अनुदान मिळू शकते. त्याची कोनशिला बसते, तीवर नावे कोरली जातात. देखभालीचा खर्च मात्र महापालिकेला बहुतांशी स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरफाळा आणि विविध शुल्के यांतून भागवावा लागतो. या उत्पन्नाची अवस्था काय आहे? कोल्हापूरसारख्या बाजारपेठेच्या शहराला जकात हा एके काळी मोठा आधार होता. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला, २०१५ साली तोही बहुतांश रद्द झाला, २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर विसंबू लागली. पगार व निवृत्तिवेतन भागवून उरेल त्यात बागेतला माळी बसतो, आणि कपात करायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते.

याचा परिणाम विचित्र होतो. जी फरशी वेळच्या वेळी सांधली असती तर आणखी वीस वर्षे टिकली असती, ती दुर्लक्षामुळे पाच वर्षांत उखडते. मग दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून संपूर्ण पदपथाच्या नूतनीकरणाचा प्रस्ताव जातो, आणि नूतनीकरणाला अनुदान मिळते! दुर्लक्ष हे अशा रीतीने नव्या कामाचे निमित्त बनते. जुन्या पक्षाला वाटते की कोणाला तरी जुन्याचा द्वेष आहे. वस्तुतः द्वेष कोणालाच नसतो. हिशेबाची रचनाच अशी आहे की राखण्यापेक्षा पाडून बांधणे सोपे ठरते.

तिकीट नसलेल्या जागेचा आवाज

या संदर्भात परदेशातील एक उदाहरण उद्बोधक ठरेल. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड हे मनोरंजन उद्यान सुरू झाले. तेथे वर्षानुवर्षे जाणाऱ्या रसिकांचा एक मोठा वर्ग आहे. एखादा जुना खेळ बदलला, एखाद्या इमारतीचा रंग पालटला, झाडे इतकी वाढली की पलीकडचे दृश्य झाकले गेले, यावर हा वर्ग आपल्या रंकाळाप्रेमींइतक्याच तावातावाने वाद घालतो. फरक असा की तेथील मालकाला या वादाकडे कान द्यावाच लागतो, कारण रुसलेला रसिक उद्या तिकीट काढणार नाही. आपल्याकडे कणेरी मठावरील ग्रामजीवन संग्रहालयही तिकिटाचे आहे. तेथील शिल्पांची निगा आणि तेथे येणारा प्रेक्षक यांचा संबंध प्रत्यक्ष आहे.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एका छोट्या ग्रंथात या प्रश्नाची मांडणी केली. संस्था घसरणीला लागली की तिच्याशी संबंधित माणसासमोर दोन मार्ग असतात, निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निष्ठा असलेला माणूस चटकन निघून जात नाही, तो आधी बोलतो. परंतु हर्शमन यांनी नायजेरियातील रेल्वेच्या उदाहरणाने एक धोकाही दाखविला. रेल्वेची सेवा ढासळली आणि मालमोटारींचा पर्याय उपलब्ध झाला, तेव्हा सर्वांत जागरूक ग्राहक आधी रेल्वे सोडून गेले. तक्रार करणारे उरले नाहीत आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या रेल्वेला सुधारण्याचे कारणही उरले नाही.

रंकाळ्याला हा धोका आहे. ज्यांची ऐपत वाढली त्यांच्यासाठी क्लब आहेत, वसाहतींच्या आतील खाजगी बागा आहेत, सुट्टीला गाडी काढून गाठता येणारी विश्रामस्थाने आहेत. पाण्याला वास येऊ लागला की हा वर्ग मुकाट्याने निघून जातो. ज्यांना जाण्यासारखी दुसरी जागा नाही असे कारखान्यातील कामगार, भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी, लहान घरांतील वृद्ध, हे मागे उरतात, आणि त्यांचा आवाज सभागृहापर्यंत पोहोचणे अवघड असते. त्यातच नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षे शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. या काळात गाऱ्हाणे सांगायला प्रभागाचा नगरसेवकही नव्हता.

मग रंकाळ्याला तिकीट लावावे काय? शिस्त आणि उत्पन्न या दोन्ही दृष्टींनी हा उपाय काहींना आकर्षक वाटतो. तो स्वीकारू नये. तिकीट लावले की जो वर्ग सर्वाधिक अवलंबून आहे तोच प्रथम बाहेर पडेल. शिवाय रस्त्यांवरील टोल रद्द करण्याचा निर्णय घेण्यास २०१५ साली ज्या शहराने शासनाला भाग पाडले, ते शहर आपल्या तलावाकाठी फिरण्याचे पैसे देईल, ही कल्पनाच व्यवहाराला सोडून आहे. वाहनतळाचे शुल्क, गाड्यांचे जागाभाडे आणि कार्यक्रमांचे परवाने यांतून जे उत्पन्न मिळेल ते मात्र सर्वसाधारण तिजोरीत न जाता रंकाळ्याच्याच स्वतंत्र खात्यात जमा व्हावे, हा आग्रह रास्त आहे.

करता येण्याजोगे

यापलीकडे चार गोष्टी तातडीने करता येतील. एक, सुशोभीकरणाच्या कोणत्याही प्रस्तावात उभारणीच्या खर्चाशेजारी पुढील दहा वर्षांच्या देखभालीचा वार्षिक खर्च आणि त्याची तरतूद नोंदविल्याखेरीज त्याला मंजुरी देऊ नये. दोन, सांडपाणी थांबेपर्यंत शोभेच्या कामांना दुसरा क्रम द्यावा. दुर्गंधीयुक्त पाण्यावरचे कारंजे ही शोभा नव्हे. तीन, काठाचे विभाग पाडावेत. जुन्या दगडी घाटांचा भाग आहे तसा राखावा, चौपाटीकडे दिवे, बाक व स्वच्छतागृहे असावीत आणि काही पट्टा पक्ष्यांसाठी मुद्दाम रानटी ठेवावा, तेथे रात्री प्रखर दिवे नसावेत. दोन्ही पक्षांचे समाधान होण्याइतका रंकाळा खचित मोठा आहे. चार, आराखडा नकाशासह काठावरच मांडून महिनाभर हरकती घ्याव्यात आणि केंदाळ, पाणी व पंप यांची मासिक नोंद जाहीर फलकावर लावावी. सामायिक साधनसंपत्ती तिच्या वापरकर्त्यांनी नियम ठरवून, देखरेख ठेवून राखता येते, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली सविस्तर दाखविले आणि २००९ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या जिल्ह्यातील सहकारी पाणीपुरवठा संस्थांचे सभासद असलेल्या शेतकऱ्याला हा सिद्धान्त नवा वाटणार नाही.

या सर्वांमागे एक जुना इशारा आहे. कोल्हापूर हे तळ्यांचे गाव होते. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, कपिलतीर्थाची भाजी मंडई झाली, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी क्रीडांगण आले. यांपैकी प्रत्येक बदलाला त्या त्या वेळी सबळ कारण असेल. मैदानही हवे होते आणि मंडईही. परंतु तळे बुजविण्यापूर्वी ते बहुधा आधी घाण होते, मग निरुपयोगी ठरते, आणि निरुपयोगी जागेचा कोणी तरी उपयोग सुचवितो. पहिली पायरी म्हणजे दुर्लक्ष, आणि त्या पायरीवर कोणीही आंदोलन करीत नाही, कारण त्या दिवशी काही घडलेले नसते.

म्हणून रंकाळ्यावरचा वाद थांबू नये, परंतु त्याचा विषय बदलावा. दिव्यांच्या रंगाविषयी जेवढ्या पोटतिडकीने आपण बोलतो तेवढ्याच पोटतिडकीने देखभालीच्या तरतुदीविषयी बोललो, आणि अंदाजपत्रकाच्या चर्चेच्या दिवशी तेवढ्याच संख्येने सभागृहाच्या प्रेक्षक-सज्जात बसलो, तर फरशी काळी असावी की तांबडी, हा प्रश्न सोडविणे मुळीच कठीण जाणार नाही.